ज्वाळा गेल्यावरचं काम

(वाचक विचारतात. उत्तरं देत आहेत विदर्भातल्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलातून स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले आमचे सदरलेखक.)

एप्रिलचा अंक आला की संपादक माझ्याकडे आगीविषयीच्या पत्रांचा गठ्ठा पाठवतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या जहाजात दारूगोळ्याच्या जोडीला कापसाच्या गाठी होत्या, आणि आग आधी त्या कापसात धुमसत होती, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. मी कापसाच्या मुलखात नोकरी केली, त्यामुळे मला ते विसरता येत नाही. यंदाची बहुतेक पत्रं ज्वाळा दिसेनाशा झाल्यानंतरच्या कामाबद्दल आहेत, म्हणून ती एकत्र घेतली.

“साहेब, आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात आग लागली. बंब आला आणि दहा मिनिटांत आग विझली. त्यानंतर मात्र जवानांनी हॉलचं फॉल्स सीलिंग फोडलं, बेडरूममधलं कपाट ओढून काढलं, गादी खाली नेऊन फाडली. आगीने केलं नाही एवढं नुकसान त्यांनी केलं. पेपरात ‘कूलिंगचं काम सुरू आहे’ असं वाचतो, ते हेच का? विझलेल्या घरात मोडतोड कशासाठी?” (एक वाचक, नागपूर)

हो, ते हेच. आमच्या प्रशिक्षणात याला ‘ओव्हरहॉल’ म्हणतात, बोलताना सगळे कूलिंग म्हणतात. नावामुळे लोकांना वाटतं, गरम झालेल्या भिंतींवर पाणी मारत बसायचं. खरं काम आहे लपलेली आग शोधायचं.

तुमच्या स्वयंपाकघरातली आग वर चढली असणार. गरम वायू छताला भिडतात आणि जिथे फट मिळेल तिथे घुसतात. एक्झॉस्ट पंख्याचं भोक, वायरिंगचा पाइप, फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी. त्या पोकळीतून स्वयंपाकघर आणि हॉल एकच असतात, भिंत फक्त खालून दिसते. हॉलच्या छताला खालून काळा डागही नसेल आणि वर लाकडी पट्टी निखारा होऊन बसलेली असेल. जवान आधी रंगाला फोड आलेत का, प्लास्टरला तडा गेलाय का, कुठून धुराची बारीक रेघ निघतेय का ते बघतो. मग हातमोजा काढून हाताची मागची बाजू भिंतीजवळ नेतो. मागचीच, कारण तिथली कातडी ऊन लवकर ओळखते, आणि चुकून चटका बसला तरी तळहात कामाला शिल्लक राहतो. उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा असेल तर काम सोपं होतं, पण तो फक्त पृष्ठभाग किती तापलाय ते सांगतो. जाड गादीच्या पोटात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून गादी फाडावी लागते, आणि तीही घराबाहेर. धुमसती गादी लिफ्टमधून नेणं तर जिवावरचं काम, वाटेत वारा लागला की ती भडकते.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो त्याला कारण आहे. १९९३ च्या जानेवारीत मी साधा फायरमन होतो. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या गोदामात आग लागली. संध्याकाळी सातपर्यंत ज्वाळा बसल्या. आम्ही थप्पीवर भरपूर पाणी मारलं, गाठींतून पाणी निथळताना पाहिलं आणि होज गुंडाळून परत आलो. पहाटे साडेतीनला त्याच पत्त्याची वर्दी आली. पोचलो तेव्हा संध्याकाळी वाचवलेलं अर्धं गोदामही पेटलेलं होतं. त्या गोदामाचा मालक एक शब्द बोलला नाही, दारातल्या वजनकाट्यावर बसून राहिला. तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही. चूक आमची होती.

कापसाच्या गाठीचं वजन साधारण १७० किलो. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली रुई एवढी दाबलेली असते की वरून मारलेलं पाणी आत शिरत नाही. शिवाय कच्च्या कापसाला निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. घरी करून बघा: बोंडातला कापूस पाण्यात टाकला तर तरंगत राहतो, औषधाच्या दुकानातला कापूस लगेच बुडतो, कारण त्याचं मेण काढलेलं असतं. आग गाठीच्या आत मुंगीच्या पावलाने सरकते, ज्वाळा नाही, धूरही जेमतेम. पुढे मी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात सब ऑफिसरचा कोर्स केला तेव्हा कळलं, की अशा वेळी पाण्यात साबणासारखं पाणी मुरवणारं द्रावण मिसळायचं, प्रत्येक संशयित गाठ बाहेर मोकळ्या जागेत दूरदूर मांडायची, पट्टी कापायची, जळकी रुई हाताने उपसून काढायची आणि पुढचे काही दिवस पहारा ठेवायचा. पट्टी कापताना गाठ फुगून उसळते, म्हणून समोर उभं राहायचं नाही.

तुमच्या तक्रारीत एक गोष्ट मात्र मला मान्य आहे. चांगलं पथक आंधळेपणाने फोडत नाही. आधी एक छोटं भोक पाडून बघतात, आत काळं दिसलं तर जिथे काळं संपून स्वच्छ लाकूड लागतं तिथपर्यंतच उघडतात. जिथून आग सुरू झाली असा संशय असतो ती जागा शेवटी आणि शक्य तेवढी कमी हलवून तपासतात, नाहीतर कारण सांगणारा पुरावाच फावड्याने बाहेर जातो. तुम्हीही पंचनामा आणि विम्याचे फोटो होईपर्यंत तिथलं काही उचलू नका.

“माझं वह्या-पुस्तकांचं दुकान तळमजल्यावर आहे. आग दुसऱ्या मजल्यावर लागली, माझ्याकडे धूरसुद्धा आला नाही. पण छतातून पाणी गळून शाळेच्या हंगामाचा सगळा माल भिजला. पाणी मारताना खालच्याचा विचार करायचा नसतो का? भिजलेल्या पुस्तकांचं काय करू?” (एक दुकानदार, अमरावती)

करायचा असतो. त्याला आमच्याकडे सॅल्व्हेज म्हणतात, माल वाचवणं. आग विझल्यावर नव्हे, विझवणं चालू असतानाच ते सुरू व्हायला हवं. लंडनमध्ये १८६६ साली विमा कंपन्यांनी याच एका कामासाठी वेगळं दल उभं केलं होतं. त्या दलाचे लोक आगीच्या जागी पोचत आणि माल झाकत, पाणी काढत. १९८४ पर्यंत ते दल चालू होतं.

हिशेब असा. एक होज मिनिटाला ४०० लिटर सोडत असेल तर दहा मिनिटांत ४,००० लिटर, म्हणजे चार टन पाणी वर साचलं. ते खाली येणारच. जुन्या माती-लाकडाच्या घरात तेवढं वजन छताला झेपेलच असं नाही. गोदामात तुरीची पोती असतील तर डाळ फुगून भिंतीला रेटते. म्हणून वर ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची नळी, धरलेला जवान ज्वाळा बसताच पाणी तोडून धार बारीक करतो, आणि खाली दोघंतिघं तुमच्या दुकानात असायला हवेत.

ते काय करतात? आधी माल भिंतींपासून काढून खोलीच्या मधोमध एका ढिगात रचायचा, ढीग विटांवर किंवा फळ्यांवर उचलायचा आणि ताडपत्री टाकायची. चार कपाटं चार कोपऱ्यांत झाकण्यापेक्षा एक ढीग एका ताडपत्रीत झाकता येतो. छत गळत असेल तर ताडपत्रीची पन्हळ करायची. हे मला फार आवडतं काम, म्हणून सविस्तर सांगतो. ताडपत्री जमिनीवर पसरायची. दोन लांब बांबू किंवा फायर हुक दोन्ही कडांना ठेवायचे आणि कडा आत गुंडाळत आणायच्या, मध्ये हातभर खोलगट जागा राहीपर्यंत. मग ती उलटी करायची, म्हणजे गुंडाळी खाली जाते आणि ओझ्याने उकलत नाही. एक टोक शिडीवर, गळतीच्या बरोबर खाली, दुसरं टोक खिडकीबाहेर. दोन माणसांना पाच मिनिटं लागतात. छत गळत राहतं आणि पाणी तुमच्या पुस्तकांच्या डोक्यावरून रस्त्यावर जातं. आगीच्या एवढ्या गडबडीत ती धार बाहेर पडताना दिसली की फार समाधान वाटतं.

तुमच्याकडे हे का झालं नाही? मला वाटतं, माणसं नसतील. छोट्या गावांत एका बंबावर चार-पाच जण येतात आणि सगळे होजवर लागतात. हे बरोबर नाही, आणि नगरपालिकेकडे मनुष्यबळाची मागणी करताना व्यापारी संघटनांनी हा मुद्दा लावून धरावा असं मी मनापासून सांगतो. तोवर दुकानात दोन मोठ्या ताडपत्र्या ठेवा आणि खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर उचलून घ्या.

भिजलेल्या पुस्तकांसाठी वेळ थोडा आहे. साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. पुस्तक उघडून पानं सुटी करायचा प्रयत्न करू नका, ओला कागद फाटतो. उन्हात तर अजिबात टाकू नका, पानं वाकडी होतात. सावलीत, पंख्याखाली, उभी ठेवून थोडी फाकवा, मध्येमध्ये कोरे शोषक कागद घाला आणि ते दर काही तासांनी बदला. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं वाळताना एकमेकांना चिकटून वीट होते, ती आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शीतगृहात गोठवायला ठेवली तर नंतर सवडीने सोडवता येतात. साध्या वह्यांसाठी हा खटाटोप परवडणार नाही. दुर्मीळ पुस्तकं, हिशेबाच्या वह्या, कागदपत्रं आधी. आणि विमा असेल तर सर्वेक्षक येईपर्यंत काहीही रद्दीत देऊ नका.

“काका, माझे मिस्टर फायरमन आहेत. मोठी आग असली की घरी येतात ते डोकं धरूनच. मळमळतं म्हणतात, जेवत नाहीत. मागच्या मे महिन्यात चक्कर येऊन पडले होते. दवाखान्यात बोटाला मशीन लावलं, ऑक्सिजन ९८ दाखवला, म्हणाले ठीक आहे. त्यांच्या गणवेशाला जळक्याचा वास येतो, मी तो मुलांच्या कपड्यांबरोबरच धुते. हे सगळं असंच असतं का?” (एक फायरमनची पत्नी)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. असंच असतं असं समजून आम्ही अनेक वर्षं काढली, आणि ते चुकीचं होतं.

आधी ऑक्सिजनचं. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाला लावायचं साधं यंत्र ‘हिमोग्लोबिनवर काहीतरी बसलंय’ एवढंच ओळखतं, ऑक्सिजन बसलाय की विषारी वायू, हा फरक त्याला कळत नाही. म्हणून माणूस विषबाधेने गुंगत असतो आणि आकडा ९८ असतो. धुरातून आल्यावर डोकं दुखणं, मळमळ, गुंगी असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, “हे आगीच्या धुरात होते, कार्बन मोनॉक्साइडसाठी रक्त तपासा.” ते वाक्य तुम्ही बोलला नाहीत तर गर्दीच्या दवाखान्यात कुणाच्या लक्षात येईलच असं नाही.

हा वायू सगळ्यात जास्त छातीत जातो कधी? ज्वाळा असताना नव्हे, तेव्हा बी. ए. सेट, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून स्वच्छ हवा देणारा मास्क, तोंडावर असतो. वर ज्या ओव्हरहॉलबद्दल लिहिलं त्या वेळी. धूर विरळ झाला, दिसायला लागलं, जवान मास्क काढून पाठीवरचं ओझं उतरवतो आणि राख उपसू लागतो. निखाऱ्यातून वायू निघतच असतो. त्यांना विचारा, कूलिंगच्या वेळी सेट असतो का. नसेल तर उद्यापासून असू दे, म्हणावं एका म्हाताऱ्या ऑफिसरने हात जोडून सांगितलंय.

आता ती चक्कर. विदर्भातला मे महिना, बाहेर ४५ अंश, अंगावर आगीचा जाड कोट, बूट, हेल्मेट आणि पाठीवर सिलिंडर. घाम येतो पण कोटाच्या आत वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. अमेरिकेत कामावर असताना जाणाऱ्या जवानांत सगळ्यात मोठा वाटा भाजून जाणाऱ्यांचा नाही, हृदय अचानक बंद पडून जाणाऱ्यांचा असतो. त्यामुळे तिथल्या मानकांत आगीच्या जागीच विसाव्याची सोय करायला सांगितली आहे, तिला ‘रिहॅब’ म्हणतात. अर्ध्या तासाचे दोन सिलिंडर संपले की माणसाला बाहेर काढायचं आणि किमान २० मिनिटं बसवायचं. मी स्टेशनचा चार्ज घेतल्यावर हे सुरू केलं तेव्हा जुने लोक नाराज झाले होते. बसायला सांगणं म्हणजे कमीपणा, असा समज.

करायचं फार साधं आहे. वाऱ्याच्या उलट्या बाजूला, जिथे धूर येत नाही तिथे सावली. नुसतं हेल्मेट काढून भागत नाही, कोट पूर्ण उतरवायचा, पँट खाली करायची. दोन बादल्या गार पाणी घेऊन त्यात दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून दहा-पंधरा मिनिटं बसायचं. हाताच्या कातडीखाली रक्त भरपूर फिरतं, ते गार होऊन परत आत जातं. मी स्वतः अनुभवलंय: पहिल्या दोन मिनिटांत काहीच वाटत नाही, मग मानेमागचा ठोका हळूहळू मंदावल्याचं जाणवतं. पाणी घोटघोट, मध्ये जलसंजीवनी. नाडी मोजायची. वीस मिनिटांनंतरही ती ११० च्या वर असली तर मी त्या माणसाला पुन्हा आत सोडत नसे, तो कितीही “मी ठीक आहे साहेब” म्हणाला तरी.

एक खूण तुम्ही लक्षात ठेवा. उष्माघातात घाम थांबतो असं सगळे म्हणतात, पण कष्टाने आलेल्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. बघायचं ते डोकं. माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडू लागला, साध्या प्रश्नाला अडखळला, की तिथल्या तिथे अंगावर पाणी ओतायचं, बर्फ मिळाला तर तोही लावायचा, आणि मग दवाखाना.

कपड्यांचं तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचं काम हेच कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. ती काजळी कातडीतूनही आत जाते. गणवेश घरी येऊच नये, स्टेशनवर धुतला जावा. नाइलाज असेल तर दाराबाहेर वेगळ्या पिशवीत ठेवा, मुलांच्या कपड्यांत अजिबात मिसळू नका, धुताना हातमोजे घाला. आणि मिस्टरांनी जागेवरच हात-मान-तोंड ओल्या फडक्याने पुसून, घरी आल्याबरोबर अंघोळ करून मगच मुलांना जवळ घ्यावं.

“काका, मी मेळघाटाच्या पायथ्याच्या गावातला. आम्ही १२ पोरं दरवर्षी वणवा विझवायला जातो. फांद्या घेऊन बडवतो. मागल्या साली वारा फिरला आणि आमच्यातले दोघं कड्यावरून उतरून वाचले. आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. काय शिकायला पाहिजे?” (एक तरुण, अमरावती जिल्हा)

पोरा, तुम्ही जाता याबद्दल आधी शाबासकी. आणि आता नीट ऐक.

एकट्याने जायचं नाही. आधी वनरक्षकाला किंवा १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवायचं आणि त्यांच्या माणसांबरोबर जायचं. त्यांच्याकडे अंगारी, म्हणजे वणव्याच्या हंगामात रानावर नजर ठेवणारी माणसं, असतात, हवेच्या झोताने पाला उडवणारे ब्लोअर असतात, रानाची माहिती असते. पंधरा फेब्रुवारी ते पंधरा जून हा वणव्याचा हंगाम धरतात. त्याआधीच जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पाला-गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढून झालेल्या असतात, त्या कुठून कुठे जातात ते हिवाळ्यातच फिरून बघून ठेव. वणव्यात नकाशा उपयोगी पडत नाही, पायाखालची वाट पडते.

वणवा तीन गोष्टींवर चालतो: जळण, वारा आणि उतार. सागाची पानगळ झाली की रानात गुडघाभर सुकं पडतं, ते तू बघतोसच. उताराचं मात्र पक्कं ध्यानात धर. उतार दर दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. माणसाचं मात्र उलट, चढावर त्याचा वेग निम्मा होतो. आग वर चढताना पुढचं गवत आधीच तापवून ठेवते. म्हणून पेटलेल्या उताराच्या वर, आणि घळीत, कधीही उभं राहायचं नाही. घळ म्हणजे चुलीचं धुराडं. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकिंगला गेलेली माणसं अशाच सुक्या गवताच्या उतारावर आगीत सापडली.

आगीला तोंड (पुढे धावणारी बाजू), कुशी (दोन्ही बगला) आणि शेपूट (मागची, मंद बाजू) असते. तुम्ही तोंडावर धावत असणार, सगळेच धावतात. तसं करू नका. शेपटीकडून सुरुवात करायची, तीही जिथे आग मागून येऊच शकत नाही अशा जागेवरून: रस्ता, नाला, किंवा आधीच जळून काळी झालेली जमीन. तिथून एका कुशीने पुढे सरकत जायचं. एक पाय काळ्यात ठेवून काम करायचं, म्हणजे बिनसलं तर काळ्यात शिरता येतं.

फांदी हिरवी, पानांची, पण बडवायची नाही. उंच उचलून आपटली की ठिणग्या मागच्या गवतात उडतात. दाबायची, काळ्याच्या दिशेने ओढत दाबायची, क्षणभर धरून ठेवायची, मग उचलायची. ब्लोअरचं तोंडही काळ्याकडेच. ज्वाळा कमरेच्या वर असतील तर फांदीचं काम नाही, मागे या आणि पुढे कुठेतरी दाताळ्याने पाला ओढून, कुदळीने खरवडून उघड्या मातीचा पट्टा करा. गवताच्या उंचीच्या निदान दीडपट रुंद. मातीपर्यंत, मुळांसकट.

काम सुरू करायच्या आधी चार गोष्टी ठरलेल्या हव्यात. जगभर वणव्यावर काम करणारे या चारशिवाय पाऊल टाकत नाहीत. पहिली, टेहळणीवर एक माणूस. त्याने फांदी हातात घ्यायची नाही, फक्त आग आणि वारा बघायचा. दुसरी, त्याची हाक सगळ्यांपर्यंत पोचायला हवी. मोबाइल रानात चालत नाही, शिट्टी चालते. तिसरी, पळायच्या वाटा, एक नव्हे दोन, आणि त्या खाली उतरणाऱ्या. चौथी, शेवटी जाऊन थांबायची सुरक्षित जागा. तुमच्यातले दोघं वाचले, कारण त्यांना नशिबाने वाट सापडली. वाट आधी ठरवलेली असायला हवी होती.

काळ्या जमिनीचं महत्त्व कळण्यासाठी एक घटना सांगतो. ५ ऑगस्ट १९४९ ला अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात मान गल्च नावाच्या घळीत वणवा विझवायला विमानातून उतरलेलं पथक आगीत सापडलं. आग खालून गवतातून वर येत होती, सगळे चढावर पळत सुटले. त्यांचा म्होरक्या वॅग डॉज याने आपल्या पुढचं गवत स्वतःच पेटवलं, ते जळून गेल्यावर त्या राखेत पालथा पडून राहिला आणि आग त्याच्या बाजूने निघून गेली. त्याने इतरांनाही हाक मारली होती, पण ते थांबले नाहीत. १३ जण गेले. तू असं पेटवायला जाऊ नकोस, ते शिकलेल्या माणसाचं काम आहे, आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमाने राखीव वनात आग लावणं गुन्हाही आहे. पण जळलेल्याला आग पुन्हा खात नाही, एवढं मनात ठेव.

अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि चामडी बूट. नायलॉनची टी-शर्ट वितळून कातडीला चिकटते, रबरी चपलेचंही तेच. पाणी माणशी तीन-चार लिटर. दुपारी बारा ते चार वारा उताराने वर वाहतो आणि सगळं सगळ्यात सुकं असतं, तेव्हा शक्यतो जाळरेषेवर थांबून राहा. रात्री वारा खाली उतरतो आणि आग मंदावते. आणखी एक, जे शहरातल्या पुस्तकात नसतं: आग्या मोहोळ कुठल्या झाडावर, कुठल्या कड्यावर आहेत ते आधी माहीत हवं. धुराने माशा उठल्या की पोरं आगीच्या दिशेनेही पळतात.

ज्वाळा बसल्या की घरी यायची घाई करू नका. सागाचा बुंधा आत धुमसतो, मूळ जमिनीखाली जळत जातं आणि रेषेच्या पलीकडे बाहेर निघतं. जळका बांबू सुटून उतारावरून घरंगळत खालच्या हिरव्या रानात जातो. कडेपासून आत वीस-पंचवीस पावलं प्रत्येक बुंधा उकरा, राखेवर हाताची मागची बाजू धरून बघा, पडलेली ओंडकी उताराला आडवी न ठेवता उताराच्या दिशेने वळवून ठेवा म्हणजे गडगडणार नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत जा. गेलेला वणवा दुपारीच उठतो.

एक शेवटचं. गावात मोहफुलं वेचायला पाला जाळणाऱ्या बायाबापड्यांना दम देऊन काही होत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. मोहाखालचा पाला झाडून गोल जागा मोकळी केली, किंवा खाली जाळी पसरली, तर फुलं वेचायला आगीची गरज राहत नाही. तुम्ही १२ जण आहात. मार्चआधी प्रत्येकाने दहा झाडांखालची जागा झाडून दिली तर विझवायला जावं लागण्याची पाळी कमी येईल.

“माझ्या मुलीला अग्निशमन सेवेत जायचंय. मुलींना घेतात का?” (एक आई, वर्धा)

घेतात. हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये नागपूरच्याच राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश घेतला, त्या देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक. महाविद्यालयाच्या पदवी अभ्यासक्रमाची जाहिरात बघत राहा, आणि मुलीला रोज धावायला आणि दोरीवर चढायला लावा.

“आमच्या चौकात आग लागली तेव्हा आम्ही जवानांना चहा-वडापाव नेला. त्यांनी चहा घेतला नाही, आम्हाला वाईट वाटलं.” (एक मंडळाचे कार्यकर्ते, अकोला)

वाईट वाटून घेऊ नका. काजळीच्या हाताने खाल्लं तर काजळीही पोटात जाते, आणि तापलेल्या अंगाला गरम चहा नको असतो. पुढच्या वेळी दोन बादल्या गार पाणी, साबण, स्वच्छ फडकी आणि मंडळाच्या चार खुर्च्या सावलीत मांडून ठेवा. पिण्याचं पाणी वेगळ्या भांड्यात. त्यांचा ऑफिसर बघून तिकडे एकेकाला पाठवेल. वडापाव ठेवा, हात धुऊन झाले की खातील.